‘सी’ फुल्ल झालाय... आता?

ती लाल पट्टी तुमच्याही ओळखीची असेलच. ‘धिस पीसी’ उघडायचं आणि सी ड्राइव्हच्या खाली निळ्याऐवजी लाल! शिल्लक किती, तर ४ जीबी. मग सुरू होतो आपला नेहमीचा यशस्वी कार्यक्रम. डाउनलोड्स साफ करा, रिसायकल बिन रिकामा करा, कुणाच्या तरी संगीतचे तीन-तीनदा सेव्ह झालेले व्हिडीओ उडवा. पट्टी निळी होते. दोन आठवडे बरे जातात आणि पुन्हा लाल. लोकलच्या डब्यासारखंच आहे हे. दादरला चार उतरतात आणि आठ चढतात.

अशा वेळी ऑफिसात सल्ला द्यायला लोक टपलेलेच असतात. ‘क्लाउडवर टाक ना यार’ म्हणणाऱ्याच्या घरी वायफाय सॉलिड असतं आणि त्याच्या फाइल्स म्हणजे एक्सेलच्या दोन शीट. ‘नवाच घे, नो कॉस्ट ईएमआय आहे’ म्हणणारा स्वतः तीन ईएमआय भरत असतो, त्याला कंपनी हवी असते. ‘लॅपटॉप उघड आणि आत दुसरी डिस्क बसव’ असं मात्र कुणी सांगत नाही. कारण लॅपटॉप उघडायचा असतो हेच आपण विसरलोय.

आपल्या मोठ्या भावंडांना हे विचित्र वाटेल. त्यांच्या काळी कॉलनीत एक कॉम्प्युटरवाला दादा असायचा. तो रविवारी सकाळी यायचा, चहा प्यायचा, कॅबिनेटची एक बाजू उघडायचा आणि ती चपटी राखाडी पट्टीवाली केबल ताणून दुसरी हार्डडिस्क लावून द्यायचा. एक डिस्क मास्टर, एक स्लेव्ह, मागे इवलासा जंपर. २००३ मध्ये साटा आलं, केबल बारीक झाली, मास्टर-स्लेव्हची भानगड संपली. पण तोवर आपण लॅपटॉपकडे वळलो होतो. आणि लॅपटॉप म्हणजे बंद डबा, अशी आपली पक्की समजूत झाली.

तर मंडळी, आजचा विषय हाच. बंद डब्यात जागा असते का, आणि असली तर ती कशी वापरायची?

आधी एक स्पष्ट सांगते. लॅपटॉप ऑफिसचा असेल, खाली कंपनीचं स्टिकर असेल, तर हे वाचा, मजा घ्या आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. ती मशीन तुमची नाही. आयटीवाल्यांनी ती एन्क्रिप्ट केलेली असते, लॉक केलेली असते आणि त्यांना विचारल्याशिवाय आत काही घातलंत तर एचआरच्या केबिनमध्ये चहा मिळेल. तोही बिनसाखरेचा.

रूमीच्या सात रात्री

माझी रूमी, म्हणजे फ्लॅटमेट, व्हिडीओ एडिटर आहे. पोट भरतं ते लग्नांच्या फिल्म्सवर. नवरी जिना उतरतेय, मागे ड्रोन, स्लो मोशन, वगैरे वगैरे. पण तिचं खरं काम वेगळंच आहे. ती मूळची कुडाळची. तिचे बाबा दशावतारी कंपनीत पेटी वाजवतात. गेले दोन हिवाळे ती जत्रांच्या दिवसांत गावी जाते आणि रात्रभर चालणारं नाटक पूर्ण शूट करते.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या बोलतात. परवाच्या जत्रेत संकासुर जे बोलला ते कालच्या जत्रेत बोलेलच असं नाही. म्हणजे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग गेलं की ती रात्र गेली. दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

एका रात्रीचं फुटेज साधारण ४० जीबी. सात रात्रींचं २८०. रूमीचा लॅपटॉप २०२० सालचा, आत ५१२ जीबीची एसएसडी. त्यातले १२० जीबी विंडोज आणि सॉफ्टवेअर खाणार. एका लग्नाचं रॉ फुटेज शंभरच्या पुढे. हिशेब करा आणि सांगा, बसतं का?

नाही बसत. मार्चमध्ये नाशिकच्या एका लग्नाचं काम अर्जंट आलं. अ‍ॅडव्हान्स घेतलेला, त्यातून भावाची कॉलेजची फी भरलेली. आणि पट्टी लाल. तिने एक रात्र उडवली. सात रात्रींतली कुठली उडवायची यावर दोन दिवस विचार करून उडवली. सहा उरल्या. मे महिन्यात पुन्हा तीच वेळ आली तेव्हा ती लॅपटॉपच्या वेबसाइट बघत बसली होती. २४ महिन्यांचा ईएमआय! त्या पैशांत दोन वर्षं ती जत्रेला जाऊ शकली नसती, हा हिशेब तिला माझ्याआधी कळला होता.

गंमत म्हणजे तिच्या त्याच लॅपटॉपच्या पोटात, डाव्या हाताच्या तळव्याखाली, एक अख्खा कप्पा रिकामा होता. पहिल्या दिवसापासून.

कप्पा आहे की नाही?

हा शोध लॅपटॉप न उघडता लागतो. लॅपटॉप पालथा करा, स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या, पूर्ण घ्या, मागच्या अक्षर-आकड्यांसकट. मग कंपनीच्या साइटवर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. पीडीएफ असते, फोटोंसकट. त्यात स्टोरेजचं पान काढा. इथे चार शक्यता निघतात आणि चारही वेगळ्या आहेत.

तुमचा लॅपटॉप जुना आणि जाडजूड असेल, म्हणजे सीडी-डीव्हीडी लावायचा ट्रे असलेला, तर तो ट्रेच तुमची जागा. डीव्हीडी शेवटची कधी लावली होती आठवतंय? ती ड्राइव्ह काढायची आणि तिच्या जागी ‘कॅडी’ सरकवायची. कॅडी म्हणजे त्याच मापाची पत्र्याची किंवा प्लास्टिकची चौकट, तिच्यात अडीच इंची डिस्क बसते. कॅडी दोन जाडीत येते, १२.७ मिमी आणि ९.५ मिमी. आपली डीव्हीडी ड्राइव्ह पट्टीने मोजून मगच घ्या. आणि एक ट्रिक अशी की नवी एसएसडी कॅडीत घालू नका. ती मूळ हार्डडिस्कच्या जागी बसवा आणि जुनी हार्डडिस्क कॅडीत टाका. काही जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या पोर्टचा वेग कमी असतो. तिथे एसएसडी लावणं म्हणजे एक्स्प्रेस वेवर घाटातला ट्रक पुढे ठेवणं.

दुसरी शक्यता अडीच इंची रिकाम्या कप्प्याची. रूमीची केस हीच. तिसरी शक्यता एम डॉट टू स्लॉटची. च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी यात बसते. चौथी शक्यता म्हणजे काहीच नाही. सगळं मदरबोर्डवर सोल्डर केलेलं. अ‍ॅपलने २०१२ मध्ये रेटिना मॅकबुक प्रोमधून डीव्हीडी काढली आणि २०१६ पासून तर स्टोरेजही बोर्डावर चिकटवून टाकलं. बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये जेमतेम एक स्लॉट असतो आणि तो भरलेला असतो. अशांनी मुकाट्याने एक्स्टर्नल घ्यावी किंवा असलेली काढून मोठी बसवावी. त्यात कमीपणा काही नाही.

एम डॉट टूवाल्यांनो, तुम्हाला थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे पाण्यात जातात. पट्टीवर २२८० असं लिहिलेलं असतं. म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच आखूड पट्टी बसते. मापाचं कळलं की पुढचा प्रश्न भाषेचा. एकाच दिसणाऱ्या पट्ट्या दोन भाषा बोलतात, साटा आणि एनव्हीएमई. साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबी देते. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट, जुन्या पिढीचीही चांगली असेल तर ३५०० च्या आसपास. म्हणून सगळे धावत जाऊन एनव्हीएमई आणतात. आणि त्यांच्या दुसऱ्या स्लॉटला फक्त साटा कळत असते! पट्टी बसते, स्क्रू लागतो, लॅपटॉप चालू होतो आणि डिस्क दिसत नाही. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, आणि तो खरंच बोलत असतो. साटावाल्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला सहसा एक. पण ‘सहसा’वर पैसे लावू नका, मॅन्युअल बघा.

वेगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. दुसरी ड्राइव्ह लावली म्हणून लॅपटॉप पळायला लागत नाही. तुमचं विंडोज अजून जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर असेल आणि तुम्ही ते नव्या एसएसडीवर आणलंत, तर फरक असा पडेल की घरचे विचारतील नवा घेतलास का. पण विंडोज आधीच एसएसडीवर असेल, तर मिळते ती फक्त जागा. आणि गळ्यापर्यंत भरलेला सी ड्राइव्ह मोकळा झाल्याने जो श्वास मिळतो तो.

लॅमिंग्टन रोडची वारी

शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवालाही क्षणभर गप्प होतो. इथे नवीन माणसाला कळत नाही की दुकान कुठे संपतं आणि जिना कुठे सुरू होतो.

एसएसडी पाच मिनिटांत मिळाली. साटा, अडीच इंच, ७ मिमी, १ टीबी. खरी गोष्ट पुढे आहे. अडीच इंची कप्पा रिकामा असलेले लॅपटॉप बऱ्याचदा केबलशिवाय विकले जातात. डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणारी जी पातळ पट्टीसारखी केबल लागते आणि डिस्क हलू नये म्हणून जी पत्र्याची चौकट लागते, ती बॉक्समध्ये नसते. आणि ती केबल प्रत्येक मॉडेलची वेगळी. चार दुकानांत ‘नाही’ ऐकलं. पाचव्या दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

‘लॅपटॉपचं नाव नको, मॉडेल नंबर सांगा.’

रूमीने सांगितला.

‘बॅटरी छोटी की मोठी?’

आम्ही एकमेकींकडे बघितलं. काका समजावून सांगायला लागले. एकाच नावाचा लॅपटॉप दोन प्रकारांत येतो. छोट्या बॅटरीवाल्यात कप्पा असतो. मोठ्या बॅटरीवाल्यात त्याच कप्प्याच्या जागेवर बॅटरी पसरलेली असते. मोठी असेल तर केबल घेऊन घरी जाल, उघडाल आणि उद्या परत याल. नशिबाने रूमीकडे मॅन्युअलची पीडीएफ होती आणि खालच्या स्टिकरचा फोटोही. छोटी निघाली. केबल, चौकट आणि चार स्क्रू, सगळे मिळून सातशे रुपये. काकांनी बिल दिलं, न मागता. अशा दुकानदाराला नातेवाइकासारखं जपावं.

किमतीबद्दल एकच सांगते. स्टोरेज दर वर्षी स्वस्त होतं, थोडं थांबू, हा फंडा नेहमी चालत नाही. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभरच्या हार्डडिस्क महागल्या. २०२५ च्या शेवटी शेवटी मेमरी चिपचे भाव असेच चढले, या वेळी कारण एआयच्या डेटा सेंटरांची भूक. गरज असेल तेव्हा घ्यावी आणि मोकळं व्हावं.

आणि ऑनलाइन ‘१६ टीबी एसएसडी, फक्त अमुक रुपये’ असं काही दिसलं तर हात जोडून पुढे जा. असल्या डब्या उघडून बघितल्यात लोकांनी. आत एक छोटं मेमरी कार्ड असतं आणि वजन यावं म्हणून काहीबाही. विंडोजला ती १६ टीबी असल्याचं खोटं सांगते. फाइल्स कॉपी होताना दिसतात. कार्ड भरलं की पुढचा डेटा आधीच्यावर लिहिला जातो किंवा हवेत जातो, आणि कळतं कधी, तर उघडायला जाल तेव्हा. नवी डिस्क घरी आणली की क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती किती तास चालली आहे ते बघा. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती नवी नाही. त्याच दिवशी दुकानात परत.

वॉरंटीचं काय? काही कंपन्या खालचं झाकण उघडू देतात, काही एका स्क्रूवर सील लावतात. आपल्या वॉरंटी कार्डावर काय लिहिलंय ते वाचा. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू केलंय. कोण काय दुरुस्त करू देतं, कुठे मॅन्युअल मिळतं, हे तिथे बघता येतं. वॉरंटी चालू असेल तर माझं मत असं की सर्व्हिस सेंटरवाल्याला पैसे द्यावेत आणि त्याच्याकडूनच बसवून घ्यावी. हौस वॉरंटी संपल्यावर करावी.

पालथा लॅपटॉप

मी मास कॉमवाली. स्क्रू-ड्रायव्हरशी आमच्या सिलॅबसचा काही संबंध नव्हता. पण हे काम मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण मिक्सर उघडून कार्बन बदलण्यापेक्षा हे सोपं आहे.

उघडण्याआधी दोन गोष्टी. जे फुटेज, जे फोटो गेले तर रडू येईल, त्यांची एक कॉपी बाहेर काढून ठेवा, कुणाची तरी डिस्क उधार घ्या. आणि विंडोजची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. हल्लीचे बरेच लॅपटॉप तुम्हाला न विचारता एन्क्रिप्ट झालेले असतात. बायॉसमध्ये काही इकडचं तिकडे झालं तर विंडोज ४८ आकडी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, पण लॅपटॉप बंद पडलाय आणि अकाउंटचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह आहे, असा प्रसंग कुणावर न येवो.

चार्जर काढला, शटडाउन केलं. स्लीप नाही, शटडाउन. बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू काढले. ते स्क्रू वाटीत टाकायचे नाहीत. ते सगळे सारखे दिसतात आणि नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळलात तर वरच्या बाजूने की-बोर्डपाशी टेंगूळ येतं. रूमीने एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवला. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते. ते न काढता झाकण ओढणारे लोक पुढे दुकानात दिसतात. कडेच्या क्लिप उघडायला जुनं एटीएम कार्ड. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ओरखडे पडतात.

झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीची पिन काढायची. हे टाळू नका. मग पाचेक सेकंद पॉवरचं बटण दाबून धरायचं, उरलीसुरली वीज निघून जाते. स्थिर विजेसाठी एखाद्या धातूच्या, जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावून घ्यावा. मुंबईच्या दमट हवेत हा त्रास तसा कमी, पण पुणे-नाशिकच्या थंडीत स्वेटर घालून हे काम करू नका.

डिस्क चौकटीत बसवली, केबलचं एक टोक डिस्कला. दुसरं टोक मदरबोर्डवर जिथे जातं तिथे एक काळी बारीक पट्टी असते, ती नखाने अलगद वर उचलायची, केबल आत सरकवायची, पट्टी पुन्हा खाली. ही पट्टी नखाएवढीच आहे आणि तुटली तर दोन हजारांचं काम. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं. बरोबर बसणारी गोष्ट जोराने बसत नाही. एम डॉट टूवाल्यांनी पट्टी तिरकी आत घालायची, मागची बाजू वर राहते, ती खाली दाबून इवलासा स्क्रू. तो स्क्रू बऱ्याचदा डिस्कबरोबर मिळत नाही. दुकानातच मागून घ्या.

अर्ध्या तासात झाकण बंद. स्क्रू मोजले, एकही उरला नाही.

डिस्क कुठे गेली?

लॅपटॉप चालू. ‘धिस पीसी’ उघडला. डी नाही! रूमीचा चेहरा उतरला. घाबरायचं काही नसतं. कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. तिथे एक काळी पट्टी दिसते, ‘अनअ‍ॅलोकेटेड’. ती आपली. विंडोज विचारतं जीपीटी की एमबीआर, आपण जीपीटी म्हणायचं. एमबीआर जुनी पद्धत, २ टीबीच्या पुढची जागा तिला कळत नाही. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, अक्षर डी. इथे फक्त एकदा डोळे उघडे ठेवा. डिस्क झीरो आणि डिस्क वन या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, साइझ बघा. जुनी हार्डडिस्क कॅडीत लावणाऱ्यांनी तर दुप्पट बघा, कारण तिच्यात डेटा असतो आणि ‘फॉरमॅट’ या शब्दाला दया नसते.

डी आला. ९३१ जीबी! ‘एक टीबीचे पैसे दिले, ६९ जीबी कुणी खाल्ले?’ कुणीच नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या. बाइट्स तेवढेच. गवळ्याचा लिटर आणि आपल्या पातेल्याचा लिटर, तसं काहीसं.

विंडोज आणि सॉफ्टवेअर सीवरच राहू द्या. प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर उचलून डीवर टाकायचा शहाणपणा करू नका, काहीही चालणार नाही. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, व्हिडीओज या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन असतं, तिथून ती रीतसर डीवर हलवता येतात. मोठ्या फाइल्स कट-पेस्ट नको. कॉपी करा, फाइल्सची संख्या आणि साइझ जुळवा, दोन-चार मधूनच चालवून बघा, मग मूळच्या उडवा. रूमीच्या सहा रात्री वीसेक मिनिटांत डीवर गेल्या. सी निळा झाला. नव्या लॅपटॉपच्या त्या सगळ्या टॅब तिने एकेक करून बंद केल्या.

आणि कुडाळ

इथे आमचं भांडण झालं. रूमी म्हणाली, आता सगळं सेफ. मी म्हटलं, कुठून सेफ? जागा वाढलीय, कॉपी वाढलेली नाही. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, त्यावर चहा सांडला, तर सी आणि डी एकाच बॅगेतून, एकाच चहात जाणार. शिवाय एसएसडीचा स्वभाव वेगळा. जुनी हार्डडिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा कटकट आवाज करते, हळू होते, थोडं आधी सांगते. एसएसडी एखाद्या सकाळी दिसतच नाही. आणि तिच्यावरून उडवलेली फाइल परत मिळणं फार कठीण. विंडोज मागच्या मागे त्या जागा पुसायला सांगत असतं. मार्चमध्ये उडवलेली रात्र परत आणायचा प्रयत्न एका रिकव्हरीवाल्याने केला होता. हाती काही लागलं नाही.

पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा हिशेब आहे. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड हे घराबाहेरच, पण २४० जीबी वर चढवायला आमचं वायफाय पावसाळा संपेपर्यंत पुरलं नसतं. मग रूमीला सुचलं. तिचं एक घर तर कुडाळलाच आहे की!

तिथे एसएसडी ठेवू नये असं मी सुचवलं. वीज न मिळता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणं तिला मानवत नाही. वापरून झिजलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच जेडेकच्या मानकाची अपेक्षा असते. म्हणून साधी फिरती, १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क. सहा रात्री तिच्यावर कॉपी, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आत नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चार पुड्या. कोकणातली हवा आपल्याला माहीत आहे, भिंतीलासुद्धा बुरशी येते.

डबा घेऊन ती कोकणकन्येने गेली. बाबांनी डिस्क हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली म्हणे, आणि विचारलं, ‘ह्यां सगळां ह्या येवढ्याशा पेटयेत मावलां?’

तिसरी कॉपी व्हायची आहे अजून. डबा सध्या कुडाळला देवघराशेजारच्या कपाटात, वरच्या खणात असतो. दर गणपतीला गेली की डिस्क लॅपटॉपला जोडायची, फाइल्स उघडून बघायच्या, पुड्या बदलायच्या, असं ठरलंय. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील तेव्हा तिला आणखी चार रात्री शूट करायच्यात. १६० जीबी लागतील. डीवर जागा आहे.